डावीकडचा एक

दाढ काढून झाल्यावर डॉक्टरांनी खड्ड्यावर कापसाचा बोळा ठेवला, तो घट्ट चावून धरायला लावला आणि हात धुता धुता सूचना दिल्या. उद्यापर्यंत चूळ भरायची नाही. थुंकायचं नाही. गरम काही घ्यायचं नाही. "आणि फुंकायचं तर अजिबात नाही. तोंडात हवेचा जोर आला की रक्ताची गाठ निसटते, मग माझ्याकडेच याल परत रडत." सबीनाने मान हलवली. फुंकायला मी काय चुलीपुढे बसते का, असं तिच्या मनात आलं, आणि सगळ्या सूचनांमध्ये हीच तेवढी तिला गमतीची वाटली. खालचा ओठ अर्धा मेलेला होता. तिने बोट लावून पाहिलं. बोटाला ओठ लागत होता, ओठाला बोट लागत नव्हतं. स्वतःच्याच चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाची तरी कातडी चिकटवल्यासारखं वाटत होतं.

खाली जिन्यापाशी अब्बा सायकल धरून उभे होते. रेल्वेतून निवृत्त होऊन वर्षं झाली तरी सकाळी निळा शर्ट घालून दौंड स्टेशनापर्यंत एक चक्कर मारायची त्यांची सवय गेली नव्हती. त्यांनी तिच्या गालाकडे पाहिलं. "या अल्ला. अगं, भजं ठेवल्यागत झालाय गाल. घरी चल. तुझ्या सरांना मी करतो फोन." तिने हातानेच सांगितलं, उद्या कार्यक्रम आहे, जायलाच हवं. "ठावं हाय मला उद्या कार्यक्रम हाय. सगळ्या दौंडाला ठावं हाय," अब्बा म्हणाले आणि शर्टाच्या खिशावर नकळत हात ठेवला. त्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेलं कात्रण होतं: चिपाडातून वीज, शिरूरच्या प्राध्यापिकेची किमया. तिने त्यांना पुष्कळदा समजावलं होतं की चिपाडातून वीज निघत नाही. उसाच्या चिपाडातला तंतू वेगळा काढून, ॲसिडने त्याचे नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके बारीक तुकडे करून, त्यात वीज वाहणारं एक हिरवट पॉलिमर अगदी थोडं मिसळून तिने कागदासारखी पातळ फिल्म केली आहे. ती दुमडता येते, गुंडाळता येते आणि तिच्यातून वीज जाते. पुढेमागे अशा फिल्मवर सर्किट छापता येईल. अब्बा शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "व्हय, तेच की. लाईट."

एसटीत तिच्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. पाटस गेल्यावर कंडक्टरने पुढून ओरडून सांगितलं, "साखरबाई, जरा सरकून बसा. पेपरात फोटो आलेल्या मॅडम हायत त्या." मग साखरबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "चिपाडातनं लाईट काढणाऱ्या त्या तुम्हीच व्हय? मग आमच्या वस्तीवर कवा येतीया? आमच्यात रातीची मोटर चालू कराया गडी बॅटरी घेऊन जातोय विहिरीवर. परवा फुरसं निघालं पायात." सबीना हसायचा प्रयत्न करत होती, पण अर्धाच चेहरा हसत असावा. तोंड उघडलं तर कापूस बाहेर येईल. म्हातारीने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खिडकीकडे तोंड करून पण सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हटलं, "बोलंना. शिकली की माणसं मुकी व्हत्यात का काय." चौफुला आला, मग पारगावचा भीमेवरचा पूल आला. नदीत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसत होती. एप्रिलचं ऊन खिडकीच्या गजावरून तिच्या मनगटावर उतरलं होतं. तिने जीभ हळूच मागे नेली. जिथे दाढ होती तिथे आता काहीतरी मऊ, आपलं नसलेलं होतं. आपल्या आत एक जागा रिकामी झाली आहे आणि आपल्याला तिथे बघता येत नाही, असं तिला वाटलं आणि तिने जीभ पुढे ओढून घेतली. ते नुसतं भुलीमुळे असेल, असं तिने ठरवलं.

प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. परीक्षा संपल्या होत्या, कॉरिडॉरमध्ये बाकं एकावर एक रचून ठेवली होती. तिने काचेच्या बंद भांड्याचं झाकण सरकवलं. फिल्मला दमटपणा लागू नये म्हणून खाली सिलिका जेलचे निळे खडे पसरलेले असत. ओल धरली की ते गुलाबी होत. खडे स्वच्छ निळे होते. सगळ्यात चांगली फिल्म तिने चिमट्याने उचलली. पिंपळाचं पान वाळून जाळी व्हायच्या आधी जसं दिसतं तसा तिचा रंग होता, काळपट हिरवा. उद्या हीच फिल्म काचेच्या पेल्याभोवती गुंडाळून, विभागप्रमुख सत्यजीत सरांनी दोन ट्रान्झिस्टर लावून केलेल्या सर्किटला जोडायची होती. फिल्ममधून कणभर प्रवाह गेला की लाल दिवा लागेल. सभागृहात आबा असतील, म्हणजे सरांचे वडील हौसराव जगदाळे, संस्थेचे अध्यक्ष; साखर कारखान्याची माणसं असतील; पुण्याहून पाहुणे येतील. पाहुण्यांनी हो म्हटलं की संशोधन केंद्राला पैसे मिळतील, आणि केंद्र झालं की तिची दर जूनमध्ये नव्याने होणारी नेमणूक कायमची होईल. तिने फिल्म मीटरच्या दोन टोकांखाली ठेवली, खाली वाकली, ओठांचा चंबू केला. आणि थांबली. अर्ध्या ओठाचा चंबू होत नव्हता. डॉक्टरांचे शब्द आठवले. ती सरळ उभी राहिली आणि तिने मीटरचं बटण दाबलं.

पडद्यावर डावीकडे एकटा एक उमटला. उजवीकडची सगळी घरं रिकामी. मीटरच्या भाषेत याचा अर्थ असा, की समोर जे आहे त्याचा विजेला होणारा विरोध मोजण्यापलीकडचा आहे, इथून काहीही वाहत नाही. हवेला टोकं लावली तरी हाच एक येतो. लाकडाला लावली तरी हाच. तिने टोकं उचलून पुन्हा टेकवली. एक. फिल्म उलटी केली. एक. वायर बदलली, मीटरची बॅटरी बदलली, तांब्याच्या तुकड्यावर मीटर तपासला. तांब्यावर तो व्यवस्थित शून्य दाखवत होता. पुन्हा फिल्म. एक. काल संध्याकाळी याच फिल्मने किती सुरेख आकडा दिला होता. ती स्टुलावर बसली. पंखा वर फिरत होता, त्याच्या वाऱ्याने कॅलेंडरचं पान हलत होतं, आणि सगळी खोली नेहमीसारखीच असूनही तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुठल्या खोलीत आलो आहोत, जिथे सगळं आपल्या खोलीसारखं मांडून ठेवलंय. मग तिला कळलं, आज आपण नेहमीचं एक केलं नाही.

ती सवय कुठून आली हे तिला सांगावं लागलं नसतं. ती अंगातच होती. अम्मी सकाळी नमाज झाल्यावर पुटपुटत यायची आणि झोपलेल्या सबीनाच्या छातीवर फुंकर घालायची. दम करणे म्हणत घरात. तापाच्या पाण्यावर, नव्या वहीवर, परीक्षेच्या पेनावर अम्मी तसंच करायची. आधी ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत, मग लांब, गार, कणसाच्या दुधासारखा वास असलेली फुंकर. सबीनाने भौतिकशास्त्र घेतलं, मग त्या फुंकरीचं काही राहिलं नव्हतं, म्हणजे असं ती समजत होती. पण कुठलीही फिल्म पहिल्यांदा टोकांखाली ठेवताना ती मनात बिस्मिल्ला म्हणे आणि हलकेच फुंकर घाले. कुणी बघितलं असतं तर धूळ उडवतेय असं वाटलं असतं. तिला स्वतःलाही तसंच वाटत आलं होतं. फुंकर, टोकं, बटण. पहिला आकडा लिहून घ्यायचा. नंतर तो ढळायला लागतो. असा आकडा ढळतो हे पुस्तकातही होतं, सरही म्हणत, पहिला घ्या, पुढचा सोडा. आणि सरांनी स्वतः मोजायला घेतलं की काही येत नसे. दोनदा तसं झालं तेव्हा ते हसून म्हणाले होते, "मॅडम, तुमच्याच हाताला गुण आहे बुवा. मी आपला सही करायला बरा." ती त्या दिवशी आनंदाने एसटीत उभीच राहून घरी गेली होती.

तिने फिल्मवर, चष्मा पुसताना करतात तसा तोंड उघडून नुसता 'हा' केला, जोर न लावता. कापसाला लागून आलेल्या त्या श्वासातला रक्ताचा वास तिला स्वतःलाच आला. पडद्यावरचा एक गेला. आकडे उजवीकडून आले, गर्दीने आले, धडाधड खाली उतरले आणि काल संध्याकाळचा तो सुरेख आकडा तिच्यासमोर उभा राहिला. ती बघत राहिली. आकडा थोडा वेळ टिकला, मग चढू लागला. आधी सावकाश, मग भराभर, जिना चढून वर पळत जाणाऱ्या माणसासारखा. आणि पुन्हा डावीकडे एकटा एक. तिने पुन्हा श्वास सोडला. पुन्हा आकडे आले, पुन्हा गेले. समोर काहीतरी निजलेलं आहे आणि ते आपल्या श्वासाने श्वास घेतंय, असं तिला वाटलं, आणि तिने स्टूल मागे ओढलं.

आता फक्त एकच गोष्ट बघायची राहिली होती, आणि ती बघायला तिचा हात जात नव्हता. भांड्यात खालच्या जाळीवर कोरी फिल्म होती. नुसता चिपाडाचा तंतू, पॉलिमरचा एक कणही नसलेली, पांढरट. तुलनेसाठी करतात तशी. तिच्यातून वीज जात नाही हे तिने कितीतरी वेळा मोजलं होतं आणि त्यावरच तर सगळं उभं होतं: कोऱ्या फिल्ममधून जात नाही, पॉलिमर घातलेल्या फिल्ममधून जाते, म्हणजे इतक्या थोड्या पॉलिमरमध्येही कण एकमेकांना टेकतात आणि आरपार वाट तयार होते. हेच तिचं नवं होतं. तिने कोरी फिल्म टोकांखाली ठेवली. एक. मग ती वाकली आणि श्वास सोडला. आकडे आले. तोच आकडा नव्हता, पण त्याचाच सख्खा भाऊ शोभेल असा. वाट कुठे नव्हतीच. पॉलिमरचे कण एकमेकांपासून लांब लांब बसले होते आणि मधल्या कोरड्या अंधारात श्वासाचं पाणी पसरलं की त्यावरून वीज पलीकडे जात होती. कोऱ्या फिल्मवर तिने याआधी कधीच फुंकर घातली नव्हती. कशाला घालेल? जिच्यातून काही जाऊच नये असं वाटतं, तिच्यासाठी कोण दुआ मागतं?

भुलीचा अंमल उतरत होता. जबड्यात ठोके पडू लागले. ती ज्या भीतीची वाट पाहत होती, नोकरी, उद्याचा दिवस, अब्बांचा खिसा, ती भीती आली, पण तिच्या मागून दुसरी एक भीती आली, जुनी, जी या खोलीत येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या पेपरची सकाळ. दौंडच्या दवाखान्यात अम्मी उशांना टेकून बसलेली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मास्कच्या आत श्वासाबरोबर वाफ येत होती आणि जात होती. सबीना पुण्याच्या शटलला निघायच्या आधी पलंगापाशी आली. अम्मीने मास्क हाताने बाजूला केला. नर्स ओरडली, "अहो रशिदाबी, काय करताय!" अम्मीचे ओठ हलले, आयत पुरी व्हायला फार वेळ लागला, मधे मधे तिला थांबावं लागत होतं. मग तिने सबीनाच्या छातीवर फुंकर घातली. ती फुंकर लांब नव्हती. ती पोचलीच नाही. सबीनाने वाकून छाती पुढे केली, जणू पडणारी वस्तू झेलावी. पेपर फार चांगला गेला. ती परत आली तेव्हा अंगणात मयतीला आलेल्यांसाठी चटया अंथरल्या होत्या. तेव्हापासून काहीही मनासारखं झालं की तिच्या आत कुणीतरी विचारी, हे कुणाच्या श्वासातून आलं? ती उत्तर देत नसे. हा प्रश्न शास्त्रशुद्ध नाही, असं ती स्वतःला सांगे. आता मीटरने उत्तर दिलं होतं. सगळे आकडे श्वासातूनच आले होते, आणि श्वास काढून घेतला की खाली उरत होता तो एक.

पण मग अम्मीची फुंकर म्हणजेही एवढंच होतं का, ओल? थोडी वाफ, थोडी ऊब, अंगावर पडून उडून जाणारी? तिला हे कळेना की यातलं अधिक भयंकर काय: फुंकरीत काहीच नव्हतं हे, की होतं आणि ते तिने घेतलं हे. तिने गालावर हात ठेवला. गाल गरम होता, हाताखाली दुसऱ्याच कुणाचा तरी.

सर आले तेव्हा दुपार कलली होती. सत्यजीत सरांना उभं राहून बोलायची सवय होती, एक पाय दाराबाहेर ठेवून. "काय मॅडम, लढाई जिंकून आलात म्हणे. दाढ की दात?" ती उठली. शब्द जड येत होते. "सर, रीडिंग येत नाहीये."

"उद्या येईल. ऐनवेळी येतंच ते."

"सर, ओलावा आहे. पॉलिमर नाही. कोऱ्या फिल्मलाही येतं. श्वास लागला की—"

"तोंडातून रक्त येतंय तुमच्या," सर म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तिच्यापुढे धरला आणि ती घेत नाही असं पाहून टेबलावर ठेवला. मीटरकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढे तिला हेच आठवत राहिलं: खोलीत आल्यापासून जाईपर्यंत त्यांनी एकदाही मीटरकडे पाहिलं नाही. "आबांनी पाहुण्यांना शब्द दिलाय. उद्याचं पार पडू दे, मग आपण शांतपणे बसून बघू काय ओलावा नि काय. घरी जा. मिठाच्या पाण्यानं..." ते थांबले. "छे, चूळ नसेल भरायची ना आज. आमच्या घरी, वैष्णवीला पण तसंच सांगितलं होतं."

घरी अब्बांनी तिच्यासाठी गार तांदळाची पेज करून ठेवली होती. उद्या कुठला शर्ट घालावा एवढंच त्यांनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात लोक वेळेआधीच जमले होते. लाल दिवा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना खळ्यावरची ताडपत्री लावली होती, दोन्ही दारं बंद होती. पाहुण्यांना उकडू नये म्हणून आबांनी दोन मोठे कूलर मागवले होते आणि लाईट गेली तर म्हणून बाहेर जनरेटर घरघरत ठेवला होता. कूलरच्या वाळ्याचा ओला वास सगळीकडे भरला होता. सबीना पायऱ्या चढून मंचावर गेली. तिने ठरवलं होतं. सरांना सकाळी दोनदा गाठलं होतं, दोनदा ते हारतुऱ्यांकडे धावले होते. तिला भाषण करता येण्यासारखं नव्हतं आणि धाडसही नव्हतं. तिने एवढंच ठरवलं होतं की फुंकर घालायची नाही. दिवा लागणार नाही. मग जे व्हायचं ते होईल. पहिल्या रांगेच्या टोकाला अब्बा बसले होते, पांढऱ्या शर्टात, दोन्ही हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखे.

तिने डबीतून फिल्म काढली. डबीतले खडे निळे होते. पेल्याभोवती फिल्म गुंडाळली, दोन्ही कडांना चिमटे लावले, आणि ओढणीचा पदर उचलून नाकातोंडावर धरला. लोकांना वाटलं असेल, सुजलेला गाल झाकतेय. तिने बटण दाबलं. दिवा लागला नाही. अंधारात दिव्याची ती काळी बोंडी तशीच राहिली. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. आबा माईकवरच म्हणाले, "काय, लागंना? हितं बी लोडशेडिंग चालू झालं का काय?" सगळे हसले. आबाही हसले, मग त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि हसणं आटोपतं घेतलं. अब्बा हसले नाहीत. ते पुढे झुकले होते, जणू रेल्वेचं फाटक पडलेलं आहे आणि गाडी अजून आली नाही.

सर टेबलाशी आले. त्यांनी वायर तपासल्यासारखं केलं. त्यांचं तोंड तिच्या कानाशी होतं. "मॅडम," ते अगदी हळू म्हणाले, "ते तुमचं नेहमीचं करा ना."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "काय नेहमीचं?"

"फुंकर," ते म्हणाले, आणि चिमटा उगाचच दाबला. "अंधार आहे. कुणाला दिसणार नाही."

तिने पदर आणखी घट्ट धरला. हाताला गुण आहे. मी आपला सही करायला बरा. पहिला आकडा घ्या, पुढचा सोडा. ती वाक्यं एकेक करून तिच्याजवळ आली आणि प्रत्येकाचा चेहरा तिला आता दिसला. ती एकटी फसली होती असं तिला काल वाटलं होतं. सरांना ठाऊक होतं. कधीपासून? तिची फुंकर कुणी पाहत नाही असं समजून ती जे करत होती, ते दारात एक पाय ठेवून कुणीतरी पाहत आलं होतं, तिच्या अम्मीने दिलेलं ते, आणि त्याचा हिशोब धरून ठेवत आलं होतं. पदराआड तिने श्वास रोखून धरला. नाकातून नाही, तोंडातून नाही. माझ्याकडून काहीही जाणार नाही.

आणि दिवा लागला.

आधी तिला तो भास वाटला. बोंडीच्या आत एक तांबूस ठिपका, विस्तवावर राख चढलेली असावी तसा. मग ठिपका वाढला. तिने श्वास सोडलेला नव्हता, सर मागे सरकले होते, टेबलाशी दुसरं कुणी नव्हतं. दिवा हळूहळू, कुणी घाई न करता, लाल होत गेला. सभागृहातून एक लांब 'हा' निघाला आणि मग टाळ्या. "लागला! लागला का न्हाई!" आबा ओरडले. "बघा पाहुणं, ह्याला म्हंत्यात चिपाडाची करामत!" सरांनी कपाळावरचा घाम पुसला. क्षणभर, फक्त एक क्षण, तिला वाटलं की कुणीतरी तिच्या मागे उभं आहे आणि तिच्या खांद्यावरून वाकलं आहे, आणि तो वास आला, कणसाच्या दुधाचा. तिने मागे वळून पाहिलं नाही. तिने समोर पाहिलं. बंद दारं. ताडपत्री. एवढी माणसं, खांद्याला खांदा लावून, तोंडं उघडून टाळ्या वाजवणारी, सगळी श्वास सोडणारी. आणि दोन्ही बाजूंनी ओल फेकणारे कूलर. सगळी खोलीच फिल्मवर फुंकर घालत होती. पहिल्या रांगेत अब्बा उठून उभे राहिले होते आणि त्यांची छाती वर खाली होत होती. त्यांचाही श्वास त्यात होता. हे असंच राहू देता आलं असतं. तिला काहीही करावं लागलं नसतं. काही न करणं, एवढंच. तिने फुंकर घातलेली नव्हती. कुणालाही शपथेवर सांगता आलं असतं.

तिने पदर खाली केला. आवाज जाड आला, ओळखू न येण्यासारखा, पण आला. "म्हस्कूमामा, दार उघडा."

दाराशी बसलेला शिपाई म्हस्कू गोंधळला. "आत्ता? दिवा बघत्यात की मान्सं."

"दोन्ही दारं उघडा. ताडपत्री काढा. कूलर बंद करा."

"मॅडम," सर दातांतून म्हणाले, "उजेडात दिवा दिसणार नाही."

"दिसेल ते दिसू दे, सर."

म्हस्कूने आबांकडे पाहिलं. आबांना वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग असणार, त्यांनी हात उंच करून म्हटलं, "उघड रं, उघड. मॅडम सांगत्यात तसं कर." कडी खटकन पडली. एप्रिलचं पांढरं ऊन एकदम आत पडलं, लोकांनी डोळ्यांवर हात धरले, आणि त्याच्या मागून वारा आला, घोडनदीच्या कोरड्या वाळूवरून तापून आलेला, ओलीचा कणही नसलेला, धुळीचा. ताडपत्री फडफडत खाली आली. कूलर घरघरत थांबले. घामेजलेल्या लोकांना त्या गरम वाऱ्यानेही बरं वाटलं. कुणीतरी "हां, आता कसं" म्हणालं. सबीनाने पुन्हा श्वास रोखला होता आणि ती दिव्याकडे पाहत होती. तिने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. फिल्मची एक कड वाऱ्याने हलली. दिवा अजून लाल होता. मग तेवढा लाल नव्हता. टाळ्यांतल्या काही थांबल्या. अब्बा अजून उभेच होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे, आणि खिशाकडे गेलेला त्यांचा हात मधेच थांबला. त्यांच्या कपाळावर ती लहान असताना ताप पाहताना पडायची तीच आठी होती.

दिवा अगदी बारीक झाला, बोंडीच्या तळाशी एक ठिपका राहिला. तिने अजून श्वास सोडलेला नव्हता. छातीत कळ येत होती, जबडा ठणकत होता, जिभेवर पुन्हा रक्त आलं होतं. ठिपका राहिला, राहिला, आणि गेला. तेव्हा सबीनाने मान वळवली, फिल्मकडे पाठ होईल इतकी, आणि उघड्या दाराकडे तोंड करून, इतका वेळ धरलेला श्वास सोडला.